उसातली हाक

यंदाही उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या आणि पाठोपाठ आमच्या कॉलेजातली प्रात्यक्षिकं सुरू झाली. माझ्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच हंगामाच्या आहेत. मी राहते दौंडला, शिकवते शिरूरला. सकाळची एसटी चौफुल्यावरून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागली की कुठल्यातरी ट्रॅक्टरमागं अडकते. एकामागं एक जोडलेल्या ट्रॉल्या, त्यांतून लोंबणारा ऊस, ड्रायव्हरनं कर्कश लावलेलं गाणं. खिडकीतून कधी मळीचा आंबूस वास येतो, कधी जळत्या पाचटाचा, उसाच्या वाळल्या पानांचा, धूर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. हरभऱ्याच्या, कांद्याच्या रानात माणूस उभा राहिला की मैलावरून दिसतो. उसात शिरलेलं काहीच दिसत नाही. फक्त पानं हलतात, आणि ती वाऱ्यानं हलली की आणखी कशानं, हे लांबून कळत नाही.

पूर्वी मी या रस्त्यानं डुलक्या काढत जायची. काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामानंतर मला या रस्त्यावर झोप येत नाही.

मी मानसशास्त्र शिकवते. प्राणी कसे शिकतात, हा त्यातला एक भाग. आमचे सर शिकत होते तेव्हा त्यांच्या प्रयोगशाळेत पांढरे उंदीर असायचे. सर सांगायचे, त्या खोलीचा वास कपड्यांना लागून घरापर्यंत यायचा. आता जिवंत प्राणी वर्गात आणायचे नाहीत, आणि ते बरंच झालं. आमच्याकडं संगणकावरचा उंदीर आहे. पडद्यावर एक पेटी दिसते. पेटीत करडा उंदीर, भिंतीला एक कळ, कळीखाली छोटी वाटी. कळ दाबली की वाटीत खाण्याची गोळी पडते. पण हे उंदराला ठाऊक नसतं. तो हुंगत फिरतो, मागच्या पायांवर उभा राहतो, मिशा पुसतो. मुलांनी त्याच्याकडं टक लावून बघायचं आणि तो कळीच्या जवळ गेला की गोळी द्यायची. हळूहळू तो तिथंच घुटमळायला लागतो. मग कधीतरी त्याचा पाय चुकून कळीवर पडतो. मग तो चुकून पडत नाही.

हा उंदीर म्हणजे नुसता हिशेब आहे, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला सांगते. तरी मुलं त्याला नाव ठेवतात आणि त्याच्यासमोर हळू आवाजात बोलतात. खोलीत संगणकांची घरघर, मधूनच वीज गेली की बॅटरीची पिपाणी, आणि सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी मिशा पुसणारे करडे उंदीर. मलासुद्धा त्या खोलीत एकटीनं थांबणं फारसं आवडत नाही.

प्रात्यक्षिकाचा पुढचा भाग विलोपनाचा. म्हणजे शिकवलेलं पुसायचं. कळ तीच ठेवायची आणि गोळ्या बंद करायच्या. मुलांना वाटतं, उंदीर लगेच कळ सोडून देईल. तसं होत नाही. तो आधी पहिल्यापेक्षा जोरात कळ दाबतो, पुन्हा पुन्हा दाबतो, कळ चावतो, वाटीत तोंड घालून बघतो. पडद्याच्या कडेला त्याच्या दाबण्याची रेघ एकदम उभी चढत जाते, आणि खूप वेळानं आडवी पडायला लागते. त्या हंगामात विलोपनाच्या दिवशी सगळा वर्ग हसत होता. एकच मुलगी हसत नव्हती. ऋतुजा. न्हावऱ्याच्या पुढं, इनामगावकडं घोड नदीच्या अंगाला तिची वस्ती. अभ्यासात बरी, बोलायला कमी. ती खुर्ची पुढं ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसली होती.

तास संपल्यावर ती थांबली. म्हणाली, “मॅडम, ह्या पेटीच्या बाहेरून कोन बघत असंल तर?”

“म्हणजे?”

“उंदराला आपण शिकवतोय. पन बाहेर मांजर बसलं असंल, आन् ते बी बघत असंल, तर मांजर काय शिकंल?”

मी म्हटलं, या प्रोग्रामात पेटीच्या बाहेर काही नाही. मग तिचा चेहरा बघितला आणि विचारलं, “काय झालंय?”

तिनं सांगितलं ते असं.

तिचे चुलते, घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत, दिवाळीच्या सुमारास गेले. छातीत दुखलं आणि शिरूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. पावसाळ्यात त्यांनी रानडुकरं हुसकायला उसाच्या बांधावर बांबूला एक भोंगा बांधला होता. असले भोंगे आता सगळीकडं दिसतात. बॅटरीवर चालतात, आपला आवाज त्यात भरून ठेवता येतो, अंधारू लागलं की आपोआप सुरू होतात आणि थोडं थांबून तेच तेच म्हणत राहतात. आप्पांनी स्वतःचाच आवाज भरला. “हाऽऽड! हाऽऽड! कोन हाय रं तिकडं?” मग खोकल्याची उबळ. तेवढ्यात त्यांचा कुत्रा बंड्या पायात आला असावा, म्हणून शेवटी निराळ्याच मऊ आवाजात, “बंड्या... ये. ये हिकडं.” पुन्हा भरायचा कंटाळा केला आणि ते तसंच राहिलं.

आप्पा गेले त्या दिवशी भोंग्याची आठवण कुणाला राहणार? माणसं अंत्यविधी आटोपून अंगणात बसली होती. पाहुण्यांसाठी शेजारून चहा आला होता. दिवस कलला, आणि उसातून आप्पांनी विचारलं, “कोन हाय रं तिकडं?”

ऋतुजा म्हणाली, “कपबश्या पडल्या मॅडम लोकांच्या हातातल्या.”

तिचे वडील, तात्या, भोंगा बंद करायला उठले. थोरल्या आईनं, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, त्यांचा हात धरला. “ऱ्हाऊ द्या. तेवढंच ऱ्हायलंय.”

आणि ते राहिलं. बंड्या घरी भाकरीला तोंड लावत नव्हता. भोंगा बोलला की मात्र बांधाकडं पळत जायचा आणि बांबूखाली उभा राहून वर बघायचा. मग थोरली आईच पदराखाली भाकरी घेऊन त्याच्या मागं जायला लागली. तिथं तो खायचा. तीही तिथंच दगडावर बसायची, भोंगा गप्प होऊन पुन्हा बोलेपर्यंत. रोज. भाकरीच्या वासानं शेजारच्या वस्त्यांवरची कुत्रीही जमायला लागली. मग त्यांतलं एक दिसेनासं झालं. मग दुसरं.

“तात्यांनी काल बांधाखाली पाय उमटलेले बघितले,” ऋतुजा म्हणाली. “वाघाचे.” आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. “उसाच्या आत, कडंलाच, पाचट दबून बसकन झालीय. तिथून भोंगा सरळ दिसतो. मॅडम, त्यो आवाज झाल्यावर येत न्हाई. आधीच येऊन बसतो.”

खोलीत मी आणि ती, आणि बंद करायचे राहिलेले संगणक. एका पडद्यावर उंदीर अजून रिकामी वाटी चाटत होता. माझ्या डोक्यात सगळं लख्ख जुळल्याचं आठवतं. आवाज झाला की कुत्रं येतं, हे बिबट्याला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आवाज, मग भाकरी, हे बंड्या शिकला. आवाज, मग कुत्रं, हे उसात बसलेला शिकला. आणि आवाज झाल्यावर कुत्र्याच्या मागोमाग कोण येतं आणि दगडावर पाठमोरं बसतं, हेही तो रोज बघत होता.

मी त्याच दिवशी तिच्याबरोबर वस्तीवर गेले. घरी फोन केला, आज उशीर होईल. न्हावऱ्यात तात्या जीप घेऊन आले होते. इनामगावकडं जाणारा रस्ता नदीच्या अंगानं उतरतो. तिथं ती जुनी टेकाडं आहेत, ज्यांत हजारो वर्षांपूर्वीची घरं सापडली. तिथले लोक आपली मेलेली माणसं राहत्या घराच्या जमिनीतच पुरायचे. लहान मुलांना मातीच्या मडक्यांत. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय काढून घ्यायचे. मेलेल्यानं उठून कुठं जाऊ नये म्हणून, असं म्हणतात. वर्षानुवर्षं मी हे सहलीला आलेल्या मुलांना सांगत आले, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं, ते भीतीनं करत असतील की मायेनं? आमच्याकडं त्याहून अवघड झालं होतं. माणूस गेला होता आणि त्याची हाक तेवढी मागं राहिली होती. तिला पाय नव्हतेच.

वस्तीवर दोन घरं, एक अंगण, पलीकडं गोठा आणि मग ऊस. थोरली आई हाडापेरानं मोठी बाई. तिनं माझ्या हातात पाणी दिलं आणि विचारलं, “भोंगा बंद करायला आलाय व्हय बाई?”

“नाही मावशी. बघायला आलेय.”

बंड्याला आतल्या खोलीत कोंडलं आणि आम्ही चौघं घराच्या स्लॅबवर गेलो. सूर्य नदीपलीकडं टेकला होता. उसावर तांबूस उजेड होता, तो बघता बघता राखी झाला. बगळे गेले. गोठ्यातल्या गाई रवंथ करायच्या थांबल्या आणि सगळ्यांनी एकाच बाजूला कान केले. मी बांबूकडं बघत होते. वारा अजिबात नव्हता.

“हाऽऽड! हाऽऽड!”

मी तयारीत होते, तरी दचकले. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त भोंग्यातून इतका जिवंत आवाज येईल असं वाटलं नव्हतं. “कोन हाय रं तिकडं?” मग तो खोकला. थोरली आई खोकल्याबरोबर थोडी पुढं झुकली, पाण्याचा तांब्या द्यायला झुकावं तशी. खाली बंड्या दार खरवडत होता. “बंड्या... ये. ये हिकडं.”

बांधावरची पानं बाजूला झाली आणि तो बाहेर आला. घाई नाही, दबकणं नाही. भाकरीचे तुकडे पडायचे तिथपर्यंत चालत आला, बांबूखाली बसला, शेपूट पायांभोवती घेतलं आणि घराकडं बघायला लागला. वर भोंगा पुन्हा म्हणाला, “ये. ये हिकडं.” त्या आवाजानं त्याचा एक कानसुद्धा हलला नाही. आवाजाला तो भीतच नव्हता. पाहुण्याची वाट बघत दारात बसावं, तसा तो बसला होता.

थोरली आई बोलली. अगदी हळू, आणि तिच्या आवाजात भीतीपेक्षा वेगळंच काही होतं, मत्सरासारखं. “त्यो बी येतो व्हय ह्यांच्या आवाजाला.”

थोड्या वेळानं तो उठला आणि आत गेला. ऊस मिटला. तिथं काही होतं यावर दुसऱ्या कुणाचा विश्वास बसला नसता.

खाली आल्यावर तात्या म्हणाले, “उद्या सकाळी काढून फोडतो ते.” मला तसं करू द्यावंसं वाटत होतं. पण मी वीस वेळा वर्गात सांगितलेली गोष्ट आता मलाच ऐकू येत होती. मी म्हटलं, भोंगा फोडला तर बिबट्या काहीच विसरणार नाही. आवाज म्हणजे कुत्रं, आवाज म्हणजे पाठमोरं माणूस, हे त्याच्या डोक्यात तसंच राहील. आजूबाजूच्या प्रत्येक वस्तीवर भोंगे आहेत, आणि बांधावरून पोरांना हाका मारणारी माणसं आहेत. उद्या तो त्या आवाजांकडं जाईल. त्याला हे विसरायला लावायचं असेल तर आवाज चालू ठेवायला हवा आणि आवाजानंतर तिथं काही मिळता कामा नये. ना कुत्रं, ना माणूस, ना भाकरी. आणि मी हेही सांगितलं, की सुरुवातीला तो जास्त शोधेल. घराजवळ येईल. ते दिवस सगळ्यांत वाईट असतील.

मी बोलत होते, आणि मनात येत होतं, मला हे कुणी शिकवलं? पडद्यावरच्या एका करड्या उंदरानं, ज्याला पोटच नाही.

थोरली आई भिंतीला टेकून बसून ऐकत होती. म्हणाली, “म्हंजी ह्यांनी हाक मारायची, आन् आपन कुनी जायाचं न्हाई?”

“हो, मावशी.”

“कवापत्तूर?”

“त्याला कळेपर्यंत, की इथं कुणी येत नाही.”

तिनं दारातून उसाकडं बघितलं. मग म्हणाली, “त्याला कळंल वो. ह्यांना कोन सांगनार?”

ऋतुजानं तिच्या मांडीवर हात ठेवला. तात्यांनी कळवल्यावर वनखात्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन गेला. त्यानं शेळी बांधून पिंजरा लावला, आणि भोंग्याचं तुम्ही ठरवा पण दिवस कलला की एक माणूस, एक जनावर बाहेर दिसता कामा नये, असं बजावून गेला. पिंजऱ्यात कुणी शिरलं नाही.

मग ते दिवस सुरू झाले. मी दौंडला स्टेशनजवळ राहते. संध्याकाळी भाजी चिरत असताना माझा हात थांबायचा. आत्ता तिकडं भोंगा लागला असेल. आमच्या खिडकीतून स्टेशनवरची घोषणा ऐकू येते. एक बाई रोज त्याच स्वरात गाड्यांची नावं सांगते. त्या बाईचं काय वय असेल, ती कुठं असेल, असेल की नसेल, कुणी कधी विचार करत नाही. आवाज झाला की फलाटावरची माणसं सामान उचलून उभी राहतात. त्या दिवसांत ती घोषणा मला ऐकवेना. मी खिडकी लावून घ्यायची.

ऋतुजा रोज कॉलेजात आली की आधी माझ्याकडं यायची. पहिले काही दिवस बिबट्या बांबूखाली बसून निघून गेला. मग बसेनासा झाला. बांधावरून अंगणापर्यंत यायला लागला. एका सकाळी गोठ्याच्या पत्र्यावर ओरखडे होते. एका संध्याकाळी सगळे आत बसलेले असताना दाराला काहीतरी घासल्याचा आवाज झाला आणि उंबऱ्याखालच्या फटीतून श्वास आला. फटीतली धूळ आत उडाली. बाहेर, लांब, आप्पा म्हणत होते, ये, ये हिकडं. थोरली आई जमिनीवर बसली होती, बंड्याचं तोंड तिनं दोन्ही हातांनी मिटून धरलं होतं, आणि ती स्वतःच्या ओठांनी एकसारखं काहीतरी पुटपुटत होती. “काय म्हणत होत्या?” मी विचारलं. ऋतुजा म्हणाली, “न्हाई. न्हाई. न्हाई. एवढंच.”

तिचं प्रात्यक्षिक केव्हाच पूर्ण झालं होतं. तरी ती दुपारच्या सुट्टीत संगणकखोलीत जाऊन तिच्या उंदराची गोळी बंद ठेवून बसायची. रेघ आडवी होईपर्यंत उठायची नाही. मी एकदा म्हटलं, अगं, याचा त्याचा काही संबंध नाही. ती म्हणाली, “ठावं हाय मॅडम. पन हितं तरी संपतंय.”

आणि तिकडंही संपलं. बिबट्या अंगणात येईनासा झाला, मग बांधावर. पाचटातली बसकन तशीच होती, पण तिच्यावर नवी पानं पडून राहायला लागली. तात्यांनी फोन करून मला सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि वर्गात मी पेढे वाटले.

पण पुसणाऱ्या हाताला निवड करता येत नाही. विलोपन बिबट्यापुरतं झालं नव्हतं. एका संध्याकाळी भोंगा बोलला, “बंड्या... ये,” आणि बंड्या थोरल्या आईच्या पायाशी झोपला होता, तो झोपूनच राहिला. तिनं त्याला हलवलं. “आरं, बोलावत्यात.” बंड्यानं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, आणि पुन्हा मिटले.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात ती एकटी बांधावर गेली. ऋतुजा मागून गेली, पण लांब उभी राहिली. थोरल्या आईनं भोंग्याचं बटण दाबून एकदा तो मुद्दाम वाजवला. दिवसाउजेडी तो आवाज अगदीच साधा, थकलेल्या माणसाचा वाटला. कोन हाय रं तिकडं, असं त्यानं विचारलं. ती वर बघून म्हणाली, “कुनी न्हाई. झोपा आता.” आणि बंद केला. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या दिवशी बांधावर बसून रडली.

हे सगळं इथंच संपलं असतं तर मी ते कधीतरी वर्गात उदाहरण म्हणून सांगितलं असतं. पण त्यानंतर तोडणीची टोळी आली. कोयते चालायला लागले, ऊस आडवा व्हायला लागला, आणि बांबूपासून जवळच एका सरीत, पाचटाखाली, टोळीतल्या एका बाईला बिबट्याची दोन पिल्लं दिसली. मांजराएवढी, डोळे उघडलेली. काम थांबलं. वनखात्याच्या लोकांनी पिल्लं भाजीच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेट तिथंच बांधावर मांडला, माणसं लांब हटवली, आणि सगळी वस्ती पुन्हा आत बसली. उजेड जाता जाता ती आली. आम्ही ज्याला तो म्हणत होतो, ती. तिनं क्रेट पंजानं कलता केला, एकाला तोंडात धरून नेलं, मग दुसऱ्याला.

थोरली आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, “लेकुरवाळी व्हती गं. तिच्या मागं बी लेकरं व्हती.” त्यानंतर तिनं बिबट्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, असं ऋतुजा सांगते.

माझ्या मनात मात्र दुसरंच आलं, आणि ते अजून गेलेलं नाही. ती पिल्लं जन्मली तेव्हा भोंगा चालू होता. त्यांचे डोळे मिटलेले होते तेव्हापासून, आईच्या पोटाशी, रोज दिवस मावळताना त्यांनी एका माणसाचा आवाज ऐकला. तो आवाज म्हणायचा, ये. त्या आवाजानंतर त्यांचं कधी काही वाईट झालं नाही. कधी आई उठून गेली आणि खाणं मिळवून परत आली. कधी नुसतीच परत आली. त्या दोघांच्या लेखी माणसाचा आवाज म्हणजे काय असेल? माझ्याकडं त्याची रेघ नाही. मी विद्यार्थ्यांना खात्रीनं सांगत आले होते, की पेटीच्या बाहेर काही नाही.

ऋतुजा आता पुण्यात एम.ए. करते. परवा तिचा फोन आला. हंगाम सुरू झालाय, तोड अजून यायचीय, ऊस उभा आहे. शेजारच्या वस्तीवरचे एक मामा संध्याकाळी गाई आणताना नावानं हाका मारतात. गेले काही दिवस ते हाक मारायला लागले की उसाच्या कडंला एक बिबट्या येऊन बसतो. जवान, तुकतुकीत. गाईंकडं बघत नाही, कुत्र्याकडं बघत नाही. मामांच्या तोंडाकडं बघतो.

“काही करतो का?”

“काई न्हाई मॅडम. मामा बोलत्यात तवर ऐकत बसतो. मामा गप झाले की उठतो आन् दोन पावलं पुढं येतो.”

मी विचारलं, “मग मामा काय करतात?”

“आधी बोलत ऱ्हायचे. काई बी. पोरांची नावं, बाजारातले भाव. बोलत बोलत मागं सरकायचे. आता हाकच मारत न्हाईत, बोलतच न्हाईत.” तिनंही आवाज बारीक केला. “कुनीच बोलत न्हाई.”

वनखात्याला कळवलंय, ती म्हणाली, माणसं येऊन गेली. थोरली आई बरी आहे. पण घोडच्या काठच्या त्या वस्त्यांवर आता दिवस कलला की कुणी कुणाला हाक मारत नाही. पोरांना बोलवायचं तर दारात उभं राहून हात हलवतात, आणि पोरं अंगणातला खेळ टाकून, आवाज न करता, घरात येतात.